तळाशी एक घोट

मॅडमनी सहा खुर्च्या भिंतीला लावल्या आणि सातवी, दाराकडे पाठ येणारी, स्वतःसाठी ओढून घेतली.

खुर्च्या अशाच लावाव्या लागत. सुरुवातीला त्या छान गोल करायच्या, प्रशिक्षणात शिकवला होता तसा. पण दर शनिवारी माणसं यायची, एक शब्द न बोलता आपापली खुर्ची सरकवायची, आणि पाच मिनिटांत त्या गोलाची चंद्रकोर होऊन जायची. दाराला पाठ करून बसायला कोणी म्हणून तयार नसे. लहानपणी रोज संध्याकाळी दार कसं उघडतं यावरून ज्यांना कळायचं की आज जेवण पोटात जाणार की भिंतीवर, ती माणसं पन्नाशीला आली तरी दारावरचा डोळा काढत नाहीत. मॅडमनी हे आपल्या अहवालात लिहिलं होतं, खुर्च्यांची आकृती काढून.

त्या मानसशास्त्रज्ञ होत्या. दारू पिणाऱ्या आईबापांची मुलं मोठी झाल्यावर कशी जगतात, हा त्यांचा अकरा वर्षांचा विषय. एकशे बारा जणांच्या मुलाखती, चाळीस प्रश्न. त्यातला सतरावा प्रश्न असा होता: घरातल्या कोणाचा कप किंवा ग्लास तुम्ही त्याच्या नकळत हुंगून पाहता का? हा प्रश्न आधीच्या कुठल्याच प्रश्नावलीत नव्हता. एका सहकाऱ्याने कौतुकाने विचारलं होतं, तुम्हाला हा सुचला कसा? मॅडम म्हणाल्या होत्या, निरीक्षणातून. खोटं नव्हतं ते. पण खरंही किती होतं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आपलं घर दाराबाहेर ठेवून खोलीत यायचं, असं त्यांच्या गुरूंनी बजावलं होतं, आणि त्या शब्दाला जागत होत्या.

माणसं आली. पहिल्या नेहमीप्रमाणे मावशी. ही ड्रेस शिवणारी बाई, साठीला टेकलेली, मांडीवर कसलीतरी टीप घालत ऐकायची आणि हातातलं काम न थांबवता नेमकं बोलायची. मग गणिताचे मास्तर, दारातूनच "सॉरी, उशीर झाला का?" विचारत. घड्याळात अजून सात मिनिटं बाकी होती. मग एक नर्स, आणि एक नवरा-बायको, ज्यांच्या दोघांच्याही घरी तेच रामायण झालेलं होतं. शेवटी लिफ्टवाला.

लिफ्टवाल्याची गंमतच होती. तीन महिन्यांपूर्वी तो या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आला होता. बाहेरच्या फळ्यावर मॅडमनी लावलेली सूचना वाचत, हातात पाना घेऊन, पंधरा मिनिटं उभा राहिला. मग आत डोकावून म्हणाला, "यायला काही अट आहे का? म्हणजे शिक्षण वगैरे?" चौतीस वर्षांचा, दाराएवढा माणूस. पण खुर्चीत बसायचा तो अगदी कडेला, केव्हाही उठून पळता येईल असा.

आज तो बसला आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाला, "मला आज बोलायचंय. आठ दिवसांत ठरवायचंय."

"बोला ना," मॅडम म्हणाल्या.

"अण्णा, माझे वडील, राहतात ती इमारत पाडतायत. खोली सोडायला लागणार. बायको म्हणते, त्यांना आपल्याकडेच आणू. चार वर्षं झाली, थेंब घेतला नाही त्यांनी. मी मान्य करतो. अजिबात घेतला नाही." त्याने तळवे पँटला पुसले. "मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जातो. ते आत गेले की त्यांचा ग्लास हुंगतो. पाणीच असतं. तरी पुढच्या वेळी परत हुंगतो."

नर्सने मान हलवली. मास्तरांनीही. मावशींची सुई चालूच होती.

"आता तिकडे आहेत तोवर ठीक आहे. घरी आणले की मी रोज हुंगणार. सकाळ-संध्याकाळ. आणि माझी पोरगी दोन वर्षांची आहे, जे दिसेल ते करते. परवा माझ्यासारखा कानाला पेन्सिल लावून हिंडत होती. ती मला बघणार, मॅडम. मग तीपण हुंगायला लागणार. म्हणजे हे आमच्या घरातून जाणारच नाही. मला एवढंच सांगा, हे थांबतं का? थांबत असेल तर आणतो त्यांना. नसेल तर दुसरीकडे खोली बघून देतो. लांबच बरे."

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं.

"हळूहळू कमी होत जातं," मॅडम म्हणाल्या. "विश्वास बसायला वेळ लागतो. प्रत्येकाचा वेळ वेगळा असतो. माझ्या अभ्यासात असं दिसलं की..."

"म्हणजे तुम्हाला नक्की माहीत नाही."

"नक्की असं कोणीच..."

"तसं नाही," तो ओशाळून म्हणाला. "तुमचं बरोबरच असणार. पण तुम्ही वाचलंय, मॅडम. आम्ही हुंगलंय."

मावशींची सुई थांबली. "गप रे," त्या म्हणाल्या.

"मी काय वाईट बोललो?"

"काही नाही. गप म्हटलं की गप बसावं."

तास संपला. लिफ्टवाला चहा अर्धाच टाकून, सगळ्यांना हात करून निघून गेला. पुढच्या शनिवारी येईल की नाही, मॅडमना काही सांगता येईना. अशी अर्ध्या चहावर गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांनी थर्मास आवरला, सात कप गोळा करून कोपऱ्यातल्या बेसिनकडे नेले. खोलीकडे पाठ करून एकेक कप उचलला, क्षणभर नाकापाशी धरला आणि मग नळाखाली नेला. मागे मावशी आपलं कापड घडी करत होत्या. एवढंसं कापड घडी करायला त्यांना फारच वेळ लागत होता.

घरी जाताना मॅडमना स्वतःचाच राग आला होता. अभ्यासात असं दिसलं म्हणे! त्या माणसाने सरळ प्रश्न विचारला होता आणि सरळ उत्तर त्यांच्यापाशी होतं. थांबत नाही. वीस वर्षं झाली तरी थांबत नाही. नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा ते त्यांचं कामच होतं. बाबा हातपाय धुवायला गेले की त्यांचा ग्लास हुंगायचा आणि स्वयंपाकघरात उभ्या आईला मानेने हो किंवा नाही सांगायचं. हो म्हटलं की आई धाकट्याला उचलून शेजारी जायची. एकदाही अंदाज चुकला नव्हता. त्या नोकरीतून त्यांना कोणी मोकळं केलंच नाही.

आणि ज्यांच्यामुळे ही नोकरी लागली होती, ते बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे, त्यांच्याच घरी राहत होते. नातू झाला त्या दिवशी त्यांनी सोडली, ती सोडली. नातू दोन वर्षांचा झाल्यावर इकडे राहायला आले, त्याला आता अठरा वर्षं होत आली. नातू शिकायला बाहेरगावी गेला होता, जावई जहाजावर, चार-चार महिने लांब. घरात बापलेकच. आणि खोटं कशाला सांगा, दोघांचं छान जमत होतं. संध्याकाळी बुद्धिबळाचा पट, एकमेकांना टोमणे, आणि डाव हरले की बाबांचं "मी मुद्दाम सोडला."

माणूस टापटिपीचा. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरं जुळवलेली, त्यामुळे घरात तिरकं काही चालायचं नाही. वर्तमानपत्राची घडी कोपऱ्याला कोपरा. चपला एका रेषेत. संत्रं सोलायचे तर साल अख्खी, एका तुकड्यात. फक्त एक गोष्ट त्यांना जन्मात जमली नाही. चहा पिऊन झाला की कप धुणं. निळा, मोठा, कानाला टवका उडालेला कप टेबलावर तसाच, आणि तोही पूर्ण संपवलेला नाही, तळाशी एक घोट कायम. त्यावरून मॅडम रोज बोलायच्या. बाबा, एवढा एक घोट काय जड होतो? बाबा, कपाला पाय फुटून तो बेसिनपर्यंत जात नसतो. बाबा म्हणायचे, "राहिला बघ." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा राहायचा.

मॅडम दार उघडून आत आल्या. बाबा खिडकीपाशी बसून पेपरातलं बुद्धिबळाचं कोडं सोडवत होते.

"आलीस? आज उशीर?"

"चालत आले."

"काही बिनसलंय का?"

"काही नाही."

"बरं. काही नाही तर काही नाही." बाबांनी पेन्सिलीचं टोक तपासलं.

टेबलावर कप होता. तळाशी एक घोट. मॅडमनी पर्स ठेवली आणि कपाकडे पाहिलं. आज नाही, त्यांनी मनाशी म्हटलं. एकदा तरी कोणीतरी हे थांबवायलाच हवं, आणि त्या माणसाला थांबतं म्हणून सांगायचं तर आधी आपण थांबवायला हवं. त्यांनी कप उचलला. तडक बेसिनकडे गेल्या. नाकाला हवाही लागू नये म्हणून कप पुढे लांब धरला होता. नळ सोडला.

"अगं, आधी बघ की," मागून बाबा म्हणाले.

मॅडमचा हात तिथंच राहिला. "काय बघू?"

"रोज बघतेस ते."

पाणी वाहत होतं. मॅडमनी नळ बंद केला. मागे वळायला जरा वेळ लागला. बाबा पेपरातच बघत होते, पण पेन्सिल हलत नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाठमोरी उभी असलीस म्हणून काय झालं? नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून बघतोय. तेव्हा शुद्धीत नसायचो असं तुम्हाला वाटायचं. सगळंच काही विसरत नाही माणूस."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. कप हातातच होता. "मग बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलायचं? नको हुंगू म्हणून सांगायचं? कोणत्या तोंडाने?" बाबांनी चष्मा काढला. "मी इथं आलो ना, तेव्हा पहिले काही दिवस कप धुऊन ठेवायचो. लख्ख. पुसून, पालथा घालून. म्हटलं, लेकीच्या घरी आलोय, तिला आपलं काही काम पडायला नको. तर तू तो धुतलेला कप हुंगायचीस. मग कपाट उघडायचीस. मग माझी ट्रंक. एकदा गादी उचललीस. मी बाल्कनीत होतो, काचेत सगळं दिसत होतं. तेव्हा लक्षात आलं, धुतलेल्या कपात हिला काही सापडत नाही, म्हणून बिचारी घरभर शोधत फिरते." त्यांनी चष्मा शर्टाला पुसला. "म्हटलं, ठेवावा तसाच. सापडू दे तिला चहा."

मॅडमनी हातातला कप फिरवून टवका उडालेला कान आपल्याकडे घेतला.

"अठरा वर्षं," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं मी तुम्हाला त्या कपावरून बोलतेय."

"बोल की. बरं वाटतं ऐकायला. एका कपावरून मुलगी बापावर करवादते, त्या घरात बाकी सगळं ठीकच चाललेलं असतं."

"आणि वाईट नाही वाटलं कधी? रोज असं तपासून घ्यायचं?"

"वाटायचं. पहिली दोन-तीन वर्षं फार वाटायचं. रात्री पडून स्वतःलाच शिव्या द्यायचो." बाबा हसले. "मग म्हटलं, रोज परीक्षा आहे आणि रोज पास होतोय. या वयात कोणाचा रोज निकाल लागतो? बघ लवकर, गार झालाय तो."

मॅडमनी कप वर उचलला. आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या समोर, त्याच्याकडे बघत, त्यांनी तो नाकापाशी नेला आणि चांगला लांब श्वास घेतला.

"चहा आहे," त्या म्हणाल्या.

"मग? दूध जरा जास्त पडलं आज," बाबा म्हणाले आणि पेन्सिल उचलून पुन्हा कोड्यात शिरले. मॅडम कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. डोळे वाहत होते आणि हसूही येत होतं.

पुढच्या शनिवारी मॅडमनी पुन्हा सात खुर्च्या लावल्या. पाच जण आले. सहावी खुर्ची रिकामी. वेळ झाली. त्यांनी अजून दोन मिनिटं थांबू म्हटलं, मग अजून दोन. तेवढ्यात पाठीमागे दार वाजलं. समोरच्या पाचही माना एकदम वर झाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यांवरूनच मॅडमना कळलं की लिफ्टवाला आलाय.

"उद्या शेवटचा दिवस," बसता बसता तो म्हणाला. "एक खोली बघून ठेवलीय. बरी आहे."

"आज मी आधी बोलते," मॅडम म्हणाल्या.

असं कधी झालं नव्हतं. मास्तर सावरून बसले. आणि मॅडमनी सांगितलं. नऊ वर्षांची मुलगी, मानेने हो किंवा नाही, वीस वर्षं, निळा कप, तळाचा घोट, गादी, ट्रंक, सगळं.

"बरं झालं बाई, एकदाच्या बोललात," मावशी म्हणाल्या. "आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं."

"काय?"

"आमचे कप विसळता ना तुम्ही. अहो, आम्ही जिन्यातल्या पावलांवरून किती घेतलीय ते सांगणारी माणसं. आमच्यापासून लपवायला गेलात होय?"

"सॉरी मॅडम," मास्तर म्हणाले, "पण मला दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं होतं."

"मग कोणी काही बोललात का नाही?"

"तुम्हाला सांगायचं नव्हतं ना," मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "मग आम्ही कशाला विचारायचं? येत मात्र राहिलो. म्हटलं, हिला कळतंय."

लिफ्टवाल्याचं तोंड उघडंच होतं. "आणि मी त्या दिवशी तुम्हाला म्हणालो, आम्ही हुंगलंय. सॉरी, मॅडम."

"तो माझा शब्द आहे," मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले. मास्तरांनी केलेला हा बहुधा पहिलाच विनोद असावा, कारण हसू आल्यावर ते स्वतःच दचकले.

लिफ्टवाला हसला नाही. तो खुर्चीच्या कडेवरून किंचित मागे सरकला. "म्हणजे थांबत नाही."

"माझं थांबलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मागच्या वेळी मी तुम्हाला खरं सांगायला हवं होतं. आता सांगतेय."

"आणि पोरगी? ती बघणार त्याचं काय?"

"माझा मुलगा त्याच घरात वाढला. मी रोज हुंगत होते, तो आसपास खेळत होता. परवा त्याला फोन केला. विचारलं, आजोबांच्या कपात काय असायचं रे? त्याला प्रश्नच कळेना. म्हणाला, चहा. अजून काय असणार?"

लिफ्टवाल्याने खाली बघितलं. आपल्या मोठ्या, तेलकट रेषांच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिला. मावशींनी टीप पूर्ण केली, दाताने दोरा तोडला.

"मी जरा फोन करून येतो," तो म्हणाला आणि उठला. दार त्याने पुरतं लावलं नाही. जिन्यापाशी उभा राहून बोलत होता, आणि त्याचा आवाज असा की कान द्यायची गरज नव्हती. दार मॅडमच्या पाठीशी होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"अण्णा? मी बोलतोय. जेवलात का? ... ऐका, उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतो. सामान बांधून ठेवा. ... नाही, त्या खोलीवर नाही. आपल्याकडे. ... हो, तीच म्हणतेय, मीपण म्हणतोय. ... अहो, रडताय कशाला? ... भांडी नकोत, घरात भरपूर आहेत. तुमचा ग्लास तेवढा घ्या." जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "नाही अण्णा, धुऊ नका. तसाच आणा."